डेव्हिल्स लेकला आई-बाबांना घेऊन जाताय? आधी किनारा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या उपनगरात राहणारं जोडपं, सहा वर्षांचा मुलगा आणि उन्हाळ्यापुरते नागपूरहून आलेले आई-बाबा. बाबा रोज सकाळी तासभर चालणारे, आईंचे गुडघे दुखरे. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जायचा बेत आहे. एका दिवसात होईल का, गाडी कुठे लावायची, आणि आई-बाबांना कड्यावर न्यावं की नाही?

मी मॅडिसनजवळ राहतो आणि इथल्या मराठी मंडळींना घेऊन बऱ्याच वर्षांपासून या तळ्यावर जातो. त्यात तान्ही बाळं असतात, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतात, आणि हरिश्चंद्रगड कोळून प्यायलेली तरुण मुलंही असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका दिवसात होईल, पण शनिवार टाळा. ते जमणारच नसेल तर कसं करायचं ते पुढे सांगतो. त्याआधी किनारा ठरवायला हवा, कारण बाकीचं सगळं त्यावरच बेतावं लागतं.

तळं दक्षिणोत्तर पसरलेलं आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला सुमारे पाचशे फूट उंचीचे कडे आहेत. त्यांना तिथे ईस्ट ब्लफ आणि वेस्ट ब्लफ म्हणतात. उत्तर आणि दक्षिण टोकाला वाळूचे किनारे, हिरवळ, बाकं, शेगड्या, खाण्याचं दुकान आणि भाड्याच्या होड्या आहेत. मात्र काठाकाठाने एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा गाडीरस्ता नाही. पूर्व काठावरून मालगाडीचा रूळ जातो आणि पश्चिम काठावर फक्त पायवाट आहे. गाडीने जायचं तर उद्यानाबाहेर पडून डोंगराला वळसा घालावा लागतो. त्यात मोबाइलला रेंज यथातथाच, दक्षिणेकडे तर बऱ्याच ठिकाणी अजिबात नाही. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर 'बीचवर भेटू' एवढ्यावर सोडू नका. अर्धे लोक उत्तरेला आणि अर्धे दक्षिणेला उतरतात आणि जेवणाचे डबे नेमके दुसऱ्या गाडीत असतात. 'नॉर्थ शोअर, सकाळी साडेआठ, दुकानाच्या इमारतीसमोर' इतकं नेमकं ठरवून निघा.

तुमच्यासाठी मी उत्तर किनारा सांगेन. बराबू गाव तिथून अगदी जवळ आहे, त्यामुळे काही विसरलंच तर पटकन आणता येतं. सपाट चालण्याची पायवाट तिथून सुरू होते, आणि कड्यावर चढायची त्यातल्या त्यात सौम्य वाटही तिथूनच. शिवाय काठावर बसलं की दोन्ही कडे आणि मधलं पाणी एका नजरेत मावतं. आईंना दिवसभरात एक पायरीही चढावी लागली नाही तरी पार्क बघितल्याचं समाधान मिळेल अशी ही जागा आहे. दक्षिण किनारा जास्त ऐसपैस आहे आणि बॅलन्स्ड रॉकची प्रसिद्ध चढण त्याच बाजूला आहे. बरोबर फक्त तरुण मंडळी असती तर मी तिकडे जायला सांगितलं असतं.

आता वाराचं. या उद्यानाला वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक येतात आणि त्यांतले बरेचसे मे अखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत आणि ऑक्टोबरमधल्या पानगळीच्या शनिवार-रविवारी येतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी उशिरा गेलात तर दारापासून गाड्यांची रांग असते आणि वाहनतळ भरून जातात. मग गाडी लांब गवतात लावून, आइसबॉक्स आणि चटया उचलून, उन्हात चालत यायचं. हे तुम्हाला जमेल, आईंना नाही जमणार.

म्हणून माझा आग्रह असा, की रविवारी दुपारी निघा, रात्री बराबू किंवा विस्कॉन्सिन डेल्समध्ये मुक्काम करा आणि सोमवार पूर्ण तळ्यावर घालवा. एका दिवसाची रजा जाईल, पण शिकागोहून न थांबता तीन-सव्वातीन तास लागतात. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत बसल्यावर दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचं म्हणजे आईंसाठी शिक्षाच. रविवारी रात्रीच्या खोल्या शुक्रवार-शनिवारपेक्षा बहुधा स्वस्तही पडतात.

शनिवारच शक्य असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे पहाटे निघून नऊच्या आत गाडी लावायची. उद्यान सकाळी सहाला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं. दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही आणि मला ती जास्त आवडते. दुपारी चारनंतर पोहोचायचं. तोपर्यंत सकाळची गर्दी ओसरू लागते, उन्हाचा ताव कमी होतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळायला जवळपास पावणेनऊ होतात. चार-साडेचार तास निवांत मिळतात. फक्त त्या दिवशी कडा चढायचा बेत ठेवू नका. अंधारात त्या दगडांवरून उतरणं धोक्याचं आहे. आणि परतीच्या रस्त्यावर संध्याकाळी हरणं आडवी येतात, तेव्हा गाडी हळू चालवा.

प्रवेशशुल्क माणशी नसतं, गाडीमागे असतं. विस्कॉन्सिनची नंबरप्लेट असेल तर कमी, बाहेरच्या राज्याची असेल तर जास्त. तुमच्या गाडीला इलिनॉयची पाटी असल्याने जास्त दर लागेल. दोन कुटुंबं एका मोठ्या गाडीत मावत असतील तर पैसेही वाचतात आणि जागा शोधण्याचा त्रासही. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एका दिवसाचा पास त्या दिवशी राज्यातल्या इतर स्टेट पार्कमध्येही चालतो. हे लक्षात असू द्या, शेवटी उपयोगी पडेल.

आता कड्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

बाबांनी रामटेकच्या पायऱ्या चढल्या असतील तर दमाची काळजी नाही. इथला प्रश्न दगडाचा आहे. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. तो खडबडीत असतो, त्यात बारीक छिद्रं असतात, त्यामुळे कोरडा असताना बुटाला चांगली पकड मिळते. इथला खडक क्वार्टझाइट आहे, म्हणजे वाळूचा दगड प्रचंड दाब आणि उष्णतेने घट्ट होऊन बनलेला. गुलाबी-जांभळट रंगाचा, विलक्षण कठीण. पायऱ्यांच्या कडा इतक्या वर्षांच्या पायांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. तिरप्या उन्हात त्या चकाकताना दिसतात. सकाळचं दव असेल किंवा पावसाची भुरभुर येऊन गेली असेल तर त्यावरून पाय सर्रकन निसटतो. शिवाय पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, पुढची एकदम गुडघ्याएवढी. चढताना हे जाणवत नाही, उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर भार येतो. 'वर तर सहज गेलो' म्हणणारी माणसं उतरताना बसून-बसून सरकत येतात, ते यामुळेच.

बॅलन्स्ड रॉक ट्रेल फक्त अर्ध्या-पाऊण किलोमीटरची आहे. नकाशावर ती सगळ्यात लहान दिसते आणि घरचे लोक तीच निवडतात. प्रत्यक्षात ती जवळजवळ उभी आहे. पॉटहोल्स ट्रेलही तशीच, लहान आणि उभी. सी.सी.सी. ट्रेलचंही तेच. आईंना या तिन्हींवर नेऊ नका. बाबांनाही या वाटांनी खाली उतरवू नका.

बाबांसाठी ईस्ट ब्लफ वूड्स ट्रेल आहे. ती उत्तर किनाऱ्याच्या बाजूने निघून झाडीतून हळूहळू वर चढते. दोन किलोमीटरच्या आसपास आहे, सावली आहे, आणि तिच्यावर नजारा जवळजवळ नाही, म्हणून गर्दीही नाही. ती वर ईस्ट ब्लफ ट्रेलला मिळते आणि तिथून कड्याच्या काठाकाठाने तळं दिसू लागतं. परत येताना पुन्हा झाडीतल्याच वाटेने उतरा. 'आल्या वाटेने कशाला जायचं' असा मोह होतो, तो टाळा. ईस्ट ब्लफ ट्रेलची उत्तरेकडची उतरण पायऱ्यांची आहे. तिथे एलिफंट रॉक आणि एलिफंट केव्ह आहेत. त्या बघायच्याच असतील तर खालून थोडं वर जाऊन या.

वर गेल्यावर मात्र मुलाचा हात सोडू नका. कड्याला कठडा नाही. अनेक ठिकाणी वाट थेट कड्याच्या तोंडाशी येते आणि खाली मोठमोठ्या शिळांचा उतार आहे. इथे पडून माणसं दगावली आहेत. सहा वर्षांचं मूल पुढे पळणारच, त्याला दोष नाही. एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्याचा हात धरणं, हे आधीच ठरवा. त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. डेव्हिल्स डोअरवे नावाची दगडांची कमान फोटोंमुळे फार प्रसिद्ध आहे. ती बाजूच्या वाटेवरून बघा. तिच्यावर चढणारे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

वर पाणी नाही, स्वच्छतागृहही नाही. दोन्ही खालूनच उरकून निघा. माणशी एक लिटर पाणी कमीत कमी घ्या. बाबांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती आणि थोडे खजूर किंवा चिक्की त्यांच्या स्वतःच्या खिशात द्या. तुमच्या पाठपिशवीत नको, कारण तुम्ही पुढे निघून गेलात की त्यांची पंचाईत होते. नकाशा कागदावर घ्या किंवा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. मदत मागायची वेळ आलीच तर ९११ वर वाटेचं नाव आणि जवळची खूण सांगता आली पाहिजे.

आईंसाठी टम्बल्ड रॉक्स ट्रेल. हिच्यासाठी एवढ्या लांब यावं असं मला वाटतं. पश्चिम काठाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी ही दीडेक किलोमीटरची वाट बहुतेक सपाट आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कड्यावरून कोसळलेल्या शिळांचा ढीग, काही घराएवढ्या. त्यांच्यामधून वाट काढलेली आहे. पृष्ठभाग काही ठिकाणी उंचसखल आहे, त्यामुळे बाबागाडी किंवा व्हीलचेअर नीट चालेलच असं नाही. पण काठी घेऊन सावकाश चालणाऱ्याला अडचण येत नाही. पूर्ण जायची गरजच नाही. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर शिळा सुरू होतात. तिथे एखाद्या रुंद दगडावर बसवा, पाणी न्याहाळू द्या, आणि परत या. सकाळी लवकर या वाटेवर वेस्ट ब्लफवर ऊन यायला लागलेलं दिसतं आणि माणसंही मोजकीच असतात.

या शिळांकडे जरा थांबून बघा, विशेषतः मुलाला दाखवा. काहींच्या पृष्ठभागावर एकसारख्या बारीक लाटा उमटलेल्या दिसतील, ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत दिसतात तशाच. त्या खरोखरच पाण्याने वाळूत उठवलेल्या आहेत, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी ही उथळ पाण्यातली वाळू होती. आपल्या दख्खनच्या पठारावरचा लाव्हा ओतला गेला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, म्हणजे त्या मानाने अगदी अलीकडे. मुलाला बोट त्या लाटांवरून फिरवू द्या. मोठ्या माणसांनीही फिरवावं.

तळं कसं झालं तेही त्याच जागी उभं राहून समजावता येतं. या दोन कड्यांमधून एके काळी मोठी नदी वाहत होती. शेवटच्या हिमयुगात, साधारण १५ ते १८ हजार वर्षांपूर्वी, पूर्वेकडून आलेल्या हिमनदीच्या जिभा या खिंडीच्या दोन्ही तोंडांशी येऊन थांबल्या. बर्फाने ढकलत आणलेली दगडमाती तिथेच साचली आणि दोन्ही बाजूंना बांध पडले. नदीने दुसरी वाट धरली, मध्ये पाणी कोंडलं आणि हे सुमारे ३६० एकरांचं तळं तयार झालं. यातून बाहेर जाणारा ओढाच नाही. शिळांचा ढीगही त्याच थंडीचा. फटीतलं पाणी गोठून फुगायचं, पुन्हा वितळायचं, आणि कडा तुकड्या-तुकड्यांनी सुटत जायचा. उत्तर किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलंत की ही सगळी रचना नकाशाशिवाय कळते.

पॉटहोल्स ट्रेलला ते नाव खडकातल्या गोल खळग्यांमुळे पडलंय. आई-बाबांना नुसतं सांगितलंत तरी पटेल, कारण पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, तसंच हे काम आहे. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगरा फिरून खडक कोरतात. फरक एवढाच, की निघोजला नदी अजून शेजारून वाहते आणि इथे हे खळगे कड्याच्या माथ्याजवळ आहेत. ज्या पाण्याने ते कोरले त्याचा आज मागमूस नाही.

हे उद्यान १९११ साली स्थापन झालं, पण माणसांचं इथलं नातं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. हो-चंक या मूळ रहिवासी लोकांसाठी हे तळं पवित्र आहे. हजारेक वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी तळ्याकाठी प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे रचले, त्यांतले काही अजून शाबूत आहेत. जवळून ते नुसते गवताचे टेकाड वाटतात, आकार लगेच कळत नाही. माहितीफलक वाचा आणि त्यावर चढू नका, चटई अंथरू नका, मुलांना त्यावर घसरगुंडी करू देऊ नका. ती कुणाची तरी श्रद्धेची जागा आहे. आपल्या देवळाच्या ओट्यावर कुणी बूट घालून खेळलं तर आपल्याला जे वाटेल तेच त्यांना वाटतं. दगडी पायऱ्यांचं बरंचसं काम १९३५ ते १९४१ मध्ये इथे छावणी करून राहिलेल्या तरुणांनी केलं आहे. मंदीच्या काळात सरकारने बेकार मुलांना रोजगार देण्यासाठी जी योजना काढली, तिच्यातली ही मुलं. त्या योजनेचं नाव सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर, म्हणजे सी.सी.सी.; ट्रेलचं नाव त्यावरूनच आलं.

पाण्यात उतरायचं असेल तर जुलै-ऑगस्ट उत्तम. जूनच्या मध्यापर्यंत पाणी बऱ्यापैकी गार असतं. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, त्यामुळे मूल पाण्यात असेपर्यंत एक मोठा माणूस कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या हाताच्या अंतरावर हवा. या तळ्यात पोहल्यावर काहींच्या अंगाला खाज सुटते. गोगलगायी आणि पाणपक्षी यांच्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे ती होते, आणि उथळ पाण्यात जास्त डुंबणाऱ्या मुलांना जास्त होते. घाबरण्यासारखं काही नाही, आपोआप बरी होते. बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसाखसा पुसा, अंगावर पाणी वाळू देऊ नका, आणि जमलं तर लगेच अंघोळ घाला.

तळ्यावर पेट्रोलच्या इंजिनाची बोट चालत नाही, फक्त लहान विजेची मोटर चालते. म्हणून पाणी शांत असतं आणि पहिल्यांदा कयाक किंवा कनू वल्हवणाऱ्यालाही भीती वाटत नाही. लाइफजॅकेट सगळ्यांनी घाला, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. आईंना कड्यावर नेता येणार नाही याची तुम्हाला रुखरुख असेल, तर त्यांना कनूत बसवून पाण्यातून कडे दाखवा. कनूत बसताना मधोमध पाय टाकायचा आणि लगेच खाली बसायचं, एवढं सांभाळलं की झालं. कड्याच्या माथ्यावरून तळं दिसतं, पण कड्याची खरी उंची पाण्यातूनच कळते. वर तांबड्या डोक्याची गिधाडं पंख न हलवता घिरट्या घालत असतात, तीही तिथून नीट दिसतात.

गवतात आणि झाडीत गोचिडी असतात आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, हे गांभीर्याने घ्या. लांब पायघोळ, पायमोज्यात खोचलेली विजार, आणि अंगाला लावायचा कीटकरोधक फवारा. बाबांना हे नको वाटेल, तरी ऐकवा. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली आणि केसांच्या कडेने नीट तपासा. मुलाचे कान विसरू नका. चिकटलेली गोचीड दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, मीठ, काडीपेटी असले घरगुती उपाय करू नका. तीन-तीन पानांची एक वेल वाटेकडेला असते, पॉयझन आयव्ही. तिला हात लागला तर पुरळ उठतो. वाट सोडून आत शिरला नाहीत तर तिचा त्रास होत नाही. या डोंगरात खुळखुळ्या साप आहे, पण क्वचितच दिसतो. दिसला तर लांबून बघून पुढे जा.

पादत्राणांबद्दल एकच सांगतो. सगळ्यांना बंद, खाचदार तळव्याचे बूट. आईंनाही, टम्बल्ड रॉक्ससाठीसुद्धा. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा, म्हणजे पाऊल कुठे पडतंय ते दिसतं.

जेवण घरूनच न्या, त्यासारखं सुख नाही. किनाऱ्यावरच्या दुकानात बर्गर, चिप्स, आइस्क्रीम असं मिळतं. शाकाहारी आई-बाबांचं त्यावर पोट भरणार नाही. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेला भात, काकडी, लोणचं. नागपूरकरांना सांगायला नको, पण तिखट जरा बेतानेच ठेवा, दिवसभर उन्हात राहायचं आहे. थर्मासभर ताक आणि कोकम सरबत न्या. उद्यानातल्या लोखंडी शेगड्यांवर कोळसे पेटवता येतात. ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या गाड्यावरून गोड कणसं घ्या. बाहेरची हिरवी पानं मागे दुमडून त्यांचाच दांडा करा, कोळशावर भाजा आणि वरून लिंबू-मीठ-तिखट चोळा. शेजारच्या बाकावरचे लोक चौकशीला येतात, त्यांच्यासाठी चार जास्त घ्या.

सरपण मात्र घरून आणू नका. बाहेरून आणलेल्या लाकडातून कीड पसरते. अ‍ॅश जातीची झाडं मारणारा हिरवा भुंगा असाच लाकडातून गावोगाव गेला. म्हणून उद्यानात फक्त दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित केलेलं लाकूड चालतं. ते जवळच विकत मिळतं.

तंबूत राहण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वर्षी मनात येईलच. आरक्षण अकरा महिने आधी खुलं होतं आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा पहिल्या काही दिवसांतच संपतात. मधल्या वारांना रद्द झालेल्या जागा मिळून जातात. गुडघे दुखणाऱ्या आईंना जमिनीवर झोपवू नका, त्यांच्यासाठी खोलीच घ्या.

आता परिसरातलं. रविवारी दुपारी मॅडिसनकडून येत असाल तर ११३ क्रमांकाच्या रस्त्याने या. मेरीमॅक गावाशी विस्कॉन्सिन नदीवर पूल नाही, गाड्या वाहून नेणारी तराफ्यासारखी फेरी आहे. सरकारी आहे, फुकट आहे, आणि काही मिनिटांत पलीकडे सोडते. मुलगा आणि बाबा दोघांनाही ती कड्यापेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे. हिवाळ्यात ती बंद असते, आणि सुट्टीच्या दिवशी थोडी रांग लागते. परतताना १२ क्रमांकाच्या रस्त्याने साउक सिटीवरून जा. कल्व्हर्स या बर्गर-कस्टर्डच्या दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९८४ साली याच गावात सुरू झालं. तिथलं कस्टर्ड म्हणजे घट्ट दुधाळ आइस्क्रीम, थकलेल्या मंडळींना खाऊ घाला.

दुसरा दिवस हाताशी असेल तर बराबूजवळच्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनला अवश्य जा. १९७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जगभरातल्या क्रौंचकुळातल्या पक्ष्यांसाठी काम करते आणि या कुळातल्या पंधराही जाती एकत्र बघायला मिळणारी ही एकच जागा आहे. त्यांत आपला सारस आहे. गोंदियाच्या धानाच्या शेतांतला सारस नागपूरच्या माणसाला माहीत असतो, पण बघितलेला असतोच असं नाही, कारण महाराष्ट्रात त्यांची संख्या फारच थोडी उरली आहे. माणसाएवढा उंच, तांबड्या मानेचा तो पक्षी आई-बाबांना हाताच्या अंतरावर पाहता येईल. वाटा सपाट आहेत, बाकं आहेत, आईंचे गुडघे आड येणार नाहीत. साधारण मे ते ऑक्टोबर उघडं असतं, वेळ बघून जा. मुलासाठी बराबूतच सर्कस वर्ल्ड आहे. रिंगलिंग बंधूंची सर्कस याच गावातून १८८४ साली निघाली आणि त्यांच्या जुन्या हिवाळी मुक्कामाच्या जागीच हे संग्रहालय उभं आहे.

पार्फ्रीज ग्लेन ही जवळची घळ फार सुंदर आहे, राज्याने १९५२ मध्ये राखीव केलेली पहिली नैसर्गिक जागा तीच. पण पुरांनी वाटेचा वरचा भाग वाहून नेला आहे आणि शेवटी ओढ्यातल्या दगडांवरून जावं लागतं. या खेपेला ती सोडा.

एवढं करूनही शनिवारीच गेलात, आणि दाराशी गाड्यांची रांग दिसली, तर तासभर तिथे तिष्ठत बसू नका. गाडी वळवा आणि पंधरा-वीस मिनिटांवरच्या मिरर लेक स्टेट पार्कला जा. वालुकाश्माच्या बुटक्या कड्यांमधलं, झाडीने वेढलेलं लहानसं तळं आहे. वेगाने बोट हाकायला बंदी असल्याने पाणी हलत नाही. तिथे कनू घ्या, डबे उघडा. आणि दुपारी चारनंतर त्याच पासवर डेव्हिल्स लेकच्या उत्तर किनाऱ्यावर या. तोपर्यंत जागा मोकळ्या होऊ लागलेल्या असतात.